माईंची गादी गेली, खारी राहिली

अहो, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या माईंची गादी गेली! हो, तीच. माहेराहून आलेली, निळ्या पट्ट्यांची, जिच्यावर त्या कुणाला साधं टेकू देत नव्हत्या. काल दुपारी टेम्पो आला, दोन माणसांनी उचलली आणि घातली आत. माई फाटकाशी उभ्या, पदर नाकाला. आता तो धुळीसाठी होता की आणखी कशासाठी, मी कशाला सांगू... आणि खारी कुठं होती माहितेय? वरच्या खिडकीत, पंजा चाटत! आख्खी गल्ली धरून चालली होती की मांजर जाणार. मांजर राहिली आणि गादी गेली!

या ना जरा अलीकडे, जास्वंदीच्या बाजूला. मोठ्यानं बोलायला नको.

नातवाचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळी डोळे उघडले की शिंका सुरू, नाक लालबुंद, आणि आपल्या डोंबिवलीचा पाऊस लागला की रात्री छाती वाजते पोराची. माईंचं पहिल्यापासून एकच, "घरात मांजर-कुत्रं ठेवल्यावर दुसरं काय व्हायचं!" पण गंमत बघा हं. बंड्याचं नाव त्या घेत नाहीत. बंड्या मुलानं आणलेला. लॅब्रॅडॉर तो, बारा महिने केस गाळतो आणि वर्षातून दोनदा तर विचारूच नका, त्यांच्या घरी चहा प्यायचा म्हणजे आधी कपात बघायचं. पण दोष कुणाचा? तीन किलोच्या खारीचा. का, तर ती सुनेबरोबर आलेली. लग्नानंतर चार दिवसांनी सूनबाई माहेरून टोपली घेऊन आली, माईंना वाटलं लाडू असतील. झाकण उघडलं तर आतून मिशा!

सूनबाईही काही ऐकून घेणारी नाही. एकदा माझ्यासमोरच म्हणाली, "आई, केसांची ॲलर्जी नसतेच मुळी. मांजरीच्या लाळेत आणि कातडीत एक प्रोटीन असतं, फेल डी वन म्हणतात त्याला. ती दिवसभर अंग चाटते, लाळ केसांवर वाळते, मग ते कण उडतात." माईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे मांजरीचीच की!" आता याच्यावर कोण काय बोलणार! मी आपली चहात बिस्कीट बुडवत बसले. पण सूनबाईनं पुढचं सांगितलं तेव्हा मात्र माई जरा थबकल्या. खारीला आज देऊन टाकली ना, तरी पडद्याला, सोफ्याला, भिंतींना चिकटलेलं ते प्रोटीन लगेच जात नाही. चार-सहा महिने राहतं म्हणे. म्हणजे मांजर घालवल्याचं पुण्यही लगेच पदरात नाही.

तर काय सांगत होते... हां, मशीन.

या भांडणात माईंचा मुलगा पेपर खाली ठेवून म्हणाला, "व्हॅक्यूम क्लीनर घेऊ, विषय संपला." झालं! विषय तिथंच तर सुरू झाला.

पहिलं आलं ते माईंच्या दिराच्या घरून. त्यांच्याकडे माळ्यावर पडलेलं, मोठं ड्रमासारखं, ओलंसुकं दोन्ही ओढणारं. दीर स्वतः घेऊन आले, छाती काढून. "सोळाशे वॉट आहे वहिनी, फरशीसुद्धा उचलेल!" मी विरजण मागायला गेले होते, म्हणून बघायला मिळालं. रविवारची सकाळ, पूर्वेच्या खिडकीतून ऊन सोफ्यापर्यंत आलेलं. दिरांनी बटण दाबलं. बंड्या न्हाणीघरात पळाला तो दुपारपर्यंत बाहेर आला नाही. पुढून नळी ओढत होती बरं का, नाही असं नाही. पण मागच्या जाळीतून जो वारा सुटला होता, त्या उन्हाच्या तिरिपेत मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, बारीक धुळीचा नुसता लोट! जाड कचरा डब्यात आणि बारीक सगळं हवेत. नातवाला तिथंच शिंका लागल्या. दिरांनी बटण बंद केलं, आणि चेहरा असा केला की जणू त्यांनाच कुणी माळ्यावर ठेवायला निघालंय.

आणि ते वॉटचं प्रकरण तुम्हाला माहितेयच. वॉट म्हणजे मोटार वीज किती खाते तो आकडा. ओढते किती, ते त्यावरून कळत नाही. ते वेगळं सांगतात, पास्कलमध्ये नाहीतर एअर वॉटमध्ये. युरोपात तर २०१७ पासून ९०० वॉट किंवा त्याहून जास्तीचं घरगुती मशीन बाजारात आणायलाच बंदी केली, तरी तिथली घरं काही धुळीनं भरली नाहीत. सूनबाईनं हे दिरांना सांगितलं. सगळ्यांच्या देखत. दीर जेवायला थांबले नाहीत...

मग आला रोबो. तो चपटा, गोल, आपापला फिरणारा. माईंच्या मुलाला ऑफिसात कुणीतरी सांगितलं की हल्ली कुत्री-मांजरी असलेल्या घरी हेच घेतात. एका अर्थी खोटं नाही ते. रोज फिरवला तर फरशीवरचे केस पलंगाखालून, कपाटाखालून गोळा करतो बिचारा. पण या घरात त्याचं नशीबच फुटकं. पहिल्या दिवशी उंबरठ्यापाशी अडला. जुन्या पद्धतीचा सागवानी उंबरठा त्यांचा, चांगला दोन बोटं उंच. टक्कर मारायचा, मागे यायचा, पुन्हा टक्कर. माई म्हणाल्या, "बरोबर आहे, उंबरठा ओलांडायला संस्कार लागतात." आणि हे म्हणताना बघत होत्या कुणाकडे, ते सांगायला नको!

दुसऱ्या दिवशी देवघरापुढची रांगोळी खाल्ली त्यानं. गोपद्मं, स्वस्तिक, सगळं साफ. तरीही माईंनी गिळलं. पण तिसऱ्या का चौथ्या दिवशी... अहो, बंड्याचं पोट बिघडलं होतं हो. आदल्या दिवशी बारसं होतं ना मागच्या गल्लीत, तिथली बासुंदी कुणीतरी त्याला घातली. रात्री हॉलमध्ये करून बसला. आणि रोबोला लावून ठेवलेला पहाटे साडेपाचचा टाइम. पुढे काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. माई उठून बघतात तो रोबोनं सगळा हॉल सारवून ठेवलेला! कोपरे न् कोपरे. शिवाय आपलं काम झालं म्हणून स्वतः जाऊन चार्जरवर बसलेला.

हसू नका, मला पुढचं सांगता येत नाही मग. नव्या रोबोंना म्हणे कॅमेरा असतो, असलं काही दिसलं की वळसा घालतात. एका अमेरिकन कंपनीनं २०२१ मध्ये तसं जाहीर वचनच दिलं होतं, की आमच्या रोबोनं घाण तुडवली तर दुसरा रोबो देऊ. यांचा त्यातला नव्हता. माईंचा मुलगा दोन तास जुन्या टूथब्रशनं त्याची चाकं धूत बसला होता अंगणात. त्याची मान जी खाली गेली ती बराच वेळ वर आली नाही. आणि मला विचाराल तर रोबोचं खरं दुखणं वेगळंच. तो फरशी सोडून वर चढत नाही. सोफा, पडदे, गाद्या, जिथं खरा मसाला भरलेला, तिथं त्याचा काय उपयोग!

गाद्या म्हटलं आणि आठवलं. तो डेमोवाला!

आपल्या लहानपणी यायचे आठवतात ना, युरोक्लीनवाले? १९८२ साली ती युरेका फोर्ब्स कंपनी निघाली आणि मग दारोदार ती टाय लावलेली पोरं. भर दुपारी, मे महिन्यात, गळ्यात टाय! माझी आई त्यांना पन्हं द्यायची आणि मशीन घ्यायची नाही. तर तसाच एक आला माईंकडे, फक्त याच्या मशीनमध्ये पाणी. धूळ पाण्यात जाते, बाहेर येतच नाही, असं त्याचं म्हणणं. कंपनीचं नाव नाही सांगत, कशाला उगाच. किंमत लाखाच्या वर! ऐकून माईंनी त्याला दिलेलं पाणी परत घ्यायचंच बाकी ठेवलं.

पण पोरगं हुशार. म्हणालं, "आजी, घेऊ नका, नुसतं बघा." त्यानं खिशातून काळ्या कापडाचा तुकडा काढला, नळीच्या तोंडाशी बसवला आणि सरळ माईंच्या गादीवर ठेवून अर्धा मिनिट फिरवला. मग कापड काढून उन्हात धरलं. अहो, त्याच्यावर पांढुरक्या पिठाचा गोल! हाताला लागलं तर अगदी मऊ, टाल्कम पावडर सांडल्यासारखं. दुसरीकडे फिरवलं, दुसरा गोल. उशाशी फिरवलं तर आणखी जाड. माईंचा चेहरा... मी आयुष्यात माईंना शब्द सुचले नाहीत असं बघितलं नव्हतं. मग एकदम भडकल्या, "दर दिवाळीला ऊन देते मी तिला! पिंजाऱ्याकडून पिंजून घेते! माझ्या गादीत धूळ?" पोरगं म्हणालं, "आजी, ही धूळ नाही, बरीचशी माणसाची कातडी आहे." त्याला त्याच क्षणी घराबाहेर काढलं. मशीन उचलायला पुन्हा आत आला तेव्हा सूनबाईनं हळूच विचारलं, "पाण्यातून बुडबुडे येतात ते वर येऊन फुटतात, त्यातली बारीक धूळ कुठं जाते हो?" तो म्हणाला, "त्याच्यापुढे हेपा फिल्टर आहे ना मॅडम." ती म्हणाली, "मग पाणी कशाला?" त्याचंही तोंड एवढंसं झालं. शिवाय ते पाणी दर वेळी लगेच ओतून डबा धुवावा लागतो, नाहीतर असा वास मारतो की विचारू नका.

पण तो काळ्या कापडाचा गोल सूनबाईच्या डोक्यात बसला. कारण नातू झोपतो कुठं? आजीजवळ. त्याच गादीवर. जन्मल्यापासून.

तिनं सरळ ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. आधी म्हणे काही दिवस सर्दीची गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर टेस्टमध्ये काही उमटतच नाही. माई हट्टानं बरोबर गेल्या. मांजरीचं नाव निघताना स्वतः हजर राहायचं होतं ना! मला सगळं माईंच्याच भाचीनं सांगितलं, ती होती गाडीत. तर पोराच्या हातावर पेनानं खुणा केल्या, प्रत्येक खुणेपाशी एक थेंब, थेंबातून बारीकशी सुई टोचायची, रक्तही येत नाही. मग पंधरा-वीस मिनिटं बसायचं, हात न खाजवता. माई टक लावून त्या मांजरीच्या खुणेकडे बघत बसलेल्या. हळूहळू गांधी उठायला लागल्या. मांजरीच्या जागी उठली, नाही असं नाही, पण लहानशी. कुत्र्याच्या जागी काहीच नाही. आणि वरच्या ओळीत एके ठिकाणी ही एवढी मोठी, फुगलेली, भोवती लाल! माई विजयानं म्हणाल्या, "हीच ना मांजर?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही हो आजी, हे धुळीतले किडे. अंथरुणातले."

भाची म्हणाली, मावशी, खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

ते किडे म्हणजे ढेकूण नव्हेत बरं का. ढेकूण दिसतो तरी. हे डोळ्याला दिसतच नाहीत, मिलिमीटरचा तिसरा-चौथा हिस्सा. चावत नाहीत, आपल्या अंगावरून गळालेली कातडी खाऊन राहतात. त्रास होतो तो त्यांच्या विष्ठेचा. आणि दमट हवा त्यांना मानवते, म्हणजे आपली खाडीकाठची हवा त्यांना महाबळेश्वरच! मांजरीचे कण हलके, तासन् तास हवेत तरंगतात. यांचं जड, जरा हललं की उडतं आणि थोड्या वेळात खाली बसतं. म्हणून पोराला त्रास कधी? रात्री अंथरुणात आणि सकाळी चादर झटकली की. दिवसभर खारीला मांडीवर घेऊन कार्टून बघतो तेव्हा एवढं काही नाही. हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर होतं हो इतकी वर्षं! ऊन दिलंत, काठीनं बडवलंत, किडे थोडे मरतीलही, पण ती घाण आतच राहते, आणि बडवताना निम्मी नाकात जाते. मशीननंही जिवंत किडे फारसे निघत नाहीत म्हणे, धाग्याला घट्ट धरून बसतात. निघतं ते वरचं, कातडी आणि घाण. तेही कमी नाही म्हणा.

डॉक्टरीणबाईंनी पोराच्या औषधाचा फवारा चालूच ठेवायला सांगितला. मशीन घेतलं म्हणून औषध सोडायचं नाही, हे दोनदा बजावलं. गादी-उशांना किडे आरपार जाणार नाहीत अशी घट्ट विणीची खोळ, चादरी-अभ्रे आठवड्याला साठ डिग्रीच्या पाण्यात. आणि खारीला झोपायच्या खोलीत बंदी, कारण लहान का होईना, गांध उठली होतीच की. परत येताना गाडीत कुणी बोललं नाही. सूनबाई जिंकली होती, पण एक अक्षर नाही काढलं तिनं. मला तिचं हेच आवडतं. माझी धाकटी जाऊ असती तर... जाऊ दे.

तर काय सांगत होते? हां, शेवटी मशीन कसं घेतलं ते. ते तर खरं ऐकण्यासारखं!

सूनबाई दुकानात गेली ती पिशवीत उशी घेऊन. कुठली? खारीची! जिच्यावर ती दिवसभर लोळते, केसांनी पांढरी झालेली. काउंटरवर ठेवली. दुकानदाराच्या तोंडातली सुपारी थांबली. म्हणाली, "हिच्यावर चालवून दाखवा." एक नुसत्या चपट्या तोंडाचं मशीन चालवलं, ते वरून गुळगुळीत सरकत गेलं, केस जागच्या जागी. दुसऱ्याला गोल फिरणारा केसाळ ब्रश, त्यानं केस उचलले पण सगळे स्वतःभोवती गुंडाळून घेतले, कात्रीनं कापायची पाळी. तिसऱ्याला छोटासा मोटारीवर फिरणारा रबरी पट्ट्यांचा ब्रश, सोफ्या-गादीसाठी वेगळा. त्यानं दोन फेऱ्यांत उशीचा मूळ रंग दाखवला. सूनबाईलाही आठवत नव्हता तो, गुलाबी होती म्हणे!

नवऱ्याचा डोळा मात्र बिनवायरीच्या काठीवर. ते दिसतंच देखणं, पारदर्शक कप, आत धूळ गरगर फिरताना दिसते. दुकानदार म्हणाला, "साठ मिनिटं चालतं सर." सूनबाई म्हणाली, "सगळ्यात जोरावर किती?" तो इकडेतिकडे बघायला लागला. आठ-दहा मिनिटं! साठ मिनिटं ती मंद वाऱ्यावर, गादी तेवढ्यात काय निघणार? "आणि हा कप रिकामा कुठं करायचा?" "डस्टबिनवर उघडायचा मॅडम, बटण दाबलं की..." दाबलं त्यानं बटण, आणि काउंटरवर एवढासा ढग उठला. दुकानदारच शिंकला! पुढे काही बोलावंच लागलं नाही. वर त्याचा धुवायचा फिल्टर चोवीस तास वाळवायचा. आपल्याकडे जुलैत रुमाल दोन दिवस वाळत नाही, तिथं तो काय वाळणार, कुबट वास सगळ्या घरभर.

म्हणून पिशवीवालं घेतलं. पिशवी भरली की तोंड बंद करून आख्खी टाकून द्यायची, धूळ तोंडावर येत नाही. माझा भाचा सांगत होता, हे घरात हातानं फिरवायचं विजेचं मशीन ज्यानं काढलं ना तिकडे अमेरिकेत, ओहायोत, १९०७ साली, तो स्पँग्लर म्हणून एका दुकानात झाडलोट करणारा म्हातारा होता. आणि त्याला दमा! झाडूनं धूळ उडायची आणि हा खोकून बेजार. मग त्यानं पंख्याची मोटार घेतली, झाडूचा दांडा घेतला आणि धूळ साठवायला काय लावलं असेल? उशीचा अभ्रा! म्हणजे पहिल्यापासूनच हे दमेकऱ्याचं आणि पिशवीचं मशीन. पुढं ते हूवर आडनावाच्या माणसानं विकत घेतलं आणि नाव त्याचंच झालं. दमा एकाचा, नाव दुसऱ्याचं, असंच असतं.

हेपाचं तर मजेशीर झालं. दुकानदार प्रत्येक खोक्यावर बोट ठेवून "हेपा आहे, हेपा आहे." सूनबाईनं चष्मा लावून वाचलं, तर एकावर "हेपा टाइप". ती म्हणाली, "टाइप म्हणजे? आमच्याकडे दूधवाल्याचंही दूध टाइपच असतं." खरा हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण शंभरातले ९९.९७ अडवतो. युरोपच्या मापानं सांगायचं तर एच-१३ बघायचं, तिथं ९९.९५. पण नुसता फिल्टर चांगला असून काय उपयोग, झाकणाच्या फटीतून वारा निसटत असला तर? म्हणून तिनं मशीन चालू करायला लावलं आणि झाकणाच्या कडेनं, नळीच्या सांध्यापाशी ओला हात फिरवला. ओल्या हाताला वारा लगेच कळतो. एका महागड्या मशीनच्या कडेनं फुरफुर वारा! दुकानदार म्हणाला, "मॅडम, तुम्ही कंपनीत आहात का?" ती म्हणाली, "नाही, मी आई आहे." हे मला तिच्या नवऱ्यानं सांगितलं, जरा अभिमानानंच. शेवटचा प्रश्न तिनं पैसे द्यायच्या आधी विचारला, पिशव्या आणि फिल्टर डोंबिवलीत मिळतात का? त्यानं मागून पाकीट आणून समोर ठेवलं, मगच कार्ड काढलं.

घरी आल्यावर नवा पेच. चालवणार कोण? कामाच्या मावशींनी हात जोडले, "ते वायरीचं भूत मला नको, आणि सांगत असाल तर दोनशे वाढवा." मग ठरलं असं, की फरशी मावशींकडेच. पण कोरडा झाडू आधी नाही, त्यानं उडतं, ओल्या फडक्यानं पुसायचं. फरशीला आपल्याकडे मशीन हवंच कशाला, ते गालिचेवाल्या लोकांचं. मशीन फक्त सोफा, गाद्या, पडदे आणि गाडीच्या सीटा, आणि ते चालवायचं माईंच्या मुलानं. नाकाला मास्क लावून, दर रविवारी. नातू त्या वेळी बाहेर, आणि झाल्यावर आणखी अर्धा तास बाहेर. बंड्याला अंगणात कंगवा, घरात नाही. बघितलंत ना परवा, आपल्या तुळशीपर्यंत केस आले होते उडत! बंड्या मशीनला अजून घाबरतो, आणि खारी? बंद झालं की त्याच्यावर जाऊन बसते, गरम असतं ना ते.

राहता राहिली गादी. सूनबाई म्हणाली, "आई, तिला खोळ घालू, ठेवू या." मनापासून म्हणाली हो. खोळ आणलीसुद्धा. माई एक रात्र झोपल्या तिच्यावर, सकाळी उठून म्हणाल्या, "सळसळ वाजतं आणि घामोळं येतं मला. आणि खोळीत घालून काय ठेवायची, म्हातारं माणूस आहे का ती?" दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. मग स्वतःच टेम्पोवाल्याला फोन केला. नवी फोमची आली, तिला खोळ सूनबाईनं आधीच चढवून ठेवली आणि वर माईंच्या जुन्या नऊवारीची गोधडी, दर आठवड्याला गरम पाण्यात जाणारी. त्याच्याविषयी माई काही बोलल्या नाहीत, पण गोधडीची घडी स्वतः घालतात.

आणि आता तर काय, रविवारी मुलगा नळी फिरवतो आणि माई खुर्चीत बसून, "तिकडे कोपऱ्यात... उशाकडे... शिवणीत घाल ना ती लांब नळी!" परवा मला म्हणाल्या, "तुमच्या दिवाणाला एकदा काळं कापड लावून बघायला हवं." माझा चेहरा काय झाला असेल! मी म्हटलं, बघू, पितृपक्ष होऊ दे.

तुम्हाला लावून बघायचं असेल तर मागा, देतात त्या. फक्त पिशवी आपली न्यायची, हे सूनबाईनं सगळ्यांना सांगून ठेवलंय. दीर मागच्या आठवड्यात तसेच गेले होते, रिकाम्या हातानं. परत पाठवलं!